क्रूझवरचा खर्च कशातून द्यायचा? घरच्या खात्याला धक्का न लावता

नोव्हेंबर महिना होता. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा लागला होता आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, भासरे (यांचे मोठे भाऊ) आणि जाऊबाई, सिंगापूरहून सुटलेल्या जहाजावर होतो. जहाज फुकेतला लागलं, फोनला रेंज आली आणि पहिलाच फोन पुतण्याचा. "काकू, बाबांच्या खात्यात पैसेच नाही म्हणते बँकवाला. बाया दारात बसून आहेत, वेचाई कुठून देऊ?"

आमच्या राळेगाव तालुक्यात वेचाई, म्हणजे कापूस वेचण्याची मजुरी, किलोने ठरते आणि बाजाराच्या दिवशी चुकती करावी लागते. त्या पैशातून बायांच्या घरचा आठवड्याचा किराणा येतो, तिथे "उद्या देतो" म्हणणं शोभत नाही. सोयाबीन विकून भासऱ्यांच्या खात्यात साठेक हजार जमा होते आणि त्याच खात्याचं डेबिट कार्ड त्यांनी जहाजाच्या काउंटरवर दिलं होतं. जहाजाने दोघांच्या नावाने ६०० डॉलर अडकवून ठेवले. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ५४ हजार. आणि तोवर त्यांचा खर्च झाला होता जेमतेम ४० डॉलर. पुतण्याने शेजाऱ्याकडून हातउसने घेऊन वेळ निभावली. अडकलेले पैसे मोकळे झाले ते आम्ही घरी येऊन बाराव्या दिवशी.

मी बचत गटाचा हिशोब वर्षानुवर्षं लिहीत आले आहे, तरी ही गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. आता आमच्या भागातूनही लोक क्रूझला निघतात. कोणी मुंबईहून लक्षद्वीपला, तर कोणी सिंगापूरला. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी जहाजावरचं खातं समजून घ्या

जहाजावर दुकानात, बारमध्ये, कॉफीच्या काउंटरवर नोटा घेत नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच उधारीचं पुस्तक. गावच्या किराणा दुकानात जसं नावावर मांडतात तसं जे घ्याल ते तुमच्या खात्यावर चढत जातं आणि शेवटच्या रात्री हिशोब होतो. या खात्याच्या मागे जामीन म्हणून काय ठेवायचं, हे तुम्ही ठरवायचं असतं: क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, प्रीपेड फॉरेक्स कार्ड (ज्यात आधीच परकीय चलन भरून ठेवतात), किंवा आगाऊ भरलेली रोख.

तिकिटात राहणं, मुख्य जेवणघर, बुफे, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे सगळं येतं. वेगळं लागतं ते बाटलीबंद पाणी, शीतपेयं, दारू, वायफाय, धुलाई, फोटो, स्पा, खास रेस्टॉरंट आणि बंदरावरच्या सहली. खोलीत मांडून ठेवलेली पाण्याची बाटली फुकट असेलच असं नाही, तिच्या गळ्यातली चिठ्ठी वाचून मगच उघडा. शिवाय सेवकांची टिप, जिला तिथे ग्रॅच्युइटी म्हणतात, ती बऱ्याच परदेशी जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढते. जहाजावरचा दवाखानाही याच खात्यावर बिल लावतो. प्रवास विमा असला तरी बहुतेक वेळा आधी तुम्ही भरायचं आणि पावत्या दाखवून नंतर मागायचं. म्हणून जामीन अगदी तोडका ठेवू नका.

पहिलं काम: जहाजाचं चलन आणि खर्चाचा अंदाज

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियासारख्या देशी फेरीत हिशोब रुपयांत होतो. तिथे परकीय चलनाचा प्रश्नच नाही आणि खालचं अर्धं प्रकरण तुम्ही सोडून दिलं तरी चालेल. तरीही कोणतं कार्ड चालतं, रुपे चालतं का, रोख किती भरावी लागते, हे बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर हिशोब अमेरिकन डॉलरमध्ये असतो, सिंगापूर डॉलरमध्ये नाही. युरोपात बऱ्याच जहाजांवर तो युरोत असतो. जहाज कुठल्या देशातून सुटतं यावरून चलन ठरवू नका, विचारा.

मग वहीत मांडा. दोन माणसं, चार रात्री, सगळे आकडे अंदाजाने. टिप १८ डॉलरच्या हिशोबाने १४४. एका फोनचं वायफाय ८०. बंदरावरची एक सहल दोघांची १२०. एक दिवस खास रेस्टॉरंट ८०. फोटो २५. थंड-गरम पेयांचे ५०. बेरीज ४९९, म्हणजे ५०० डॉलर धरा. आपल्या रुपयांत ४५ हजार. खास जेवण आणि वायफाय सोडलं तर हाच आकडा ३४० वर येतो.

यातलं जे निघण्याआधी भरता येतं ते आधीच भरून टाका. टिप, वायफाय, सहल हे जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा एजंटमार्फत घरूनच भरता येतं, आणि पॅकेज जहाजावरच्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर त्याला त्याच्या कार्डावरून भरू द्या. आईबापाच्या नावाने जहाजावर वापरायची रक्कम, म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, त्याला भेट म्हणूनही देता येते. मात्र हे क्रेडिट उरलं तर परत मिळतं की वाया जातं, हे विचारून घ्या. दोन्ही प्रकार असतात. मुलाचं प्लास्टिकचं कार्ड उसनं घेऊन जाण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड काउंटरवर नाकारलं जाऊ शकतं.

पैसे अडकतात कसे

हा भाग सावकाश वाचा. माझा सगळा जीव याच भागात अडकला आहे.

कार्ड काउंटरवर लावलं की जहाज बँकेला सांगतं, "या माणसाच्या नावावर एवढी रक्कम राखून ठेवा." याला होल्ड म्हणतात. कधी ती ठरावीक रक्कम असते, कधी माणशी-दिवशी. खर्च तिच्या पुढे गेला की नवा होल्ड लागतो. शेवटी खऱ्या बिलाची रक्कम वेगळी कापली जाते आणि जुने होल्ड नंतर सुटतात. मधले काही दिवस होल्डही दिसतो आणि बिलही दिसतं, म्हणजे एकाच खर्चाचे पैसे दोनदा अडकल्यासारखे होतात.

क्रेडिट कार्डावर हा होल्ड बँकेच्या मर्यादेतून जातो, तुमच्या बचतीला हात लागत नाही. डेबिट कार्डावर तो तुमच्या खात्यातल्या खऱ्या पैशावर बसतो. शिल्लक दिसते, पण काढता येत नाही. फॉरेक्स कार्डावरही तसंच. जहाजाने होल्ड सोडला तरी तुमच्या बँकेपर्यंत ती खबर पोचायला दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर साधारण काही दिवसांत सुटतो, डेबिट कार्डावर आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त. गावातल्या शाखेचा मॅनेजर कितीही भला असला तरी तो स्वतःहून तो सोडवू शकत नाही.

आपल्याकडे पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो, सोयाबीनचा, कापसाचा, तुरीचा. तो एकाच खात्यात राहतो आणि त्याच खात्यातून मजुरी, फवारणीचं औषध, पोरांची फी जाते. पगारदाराचे १५ दिवस ५० हजार अडकले तर तो पुढच्या पगारापर्यंत ओढून नेतो. आपल्याला ते परवडत नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे: ज्या खात्यात शेतीचा पैसा आहे, त्याचं कार्ड जहाजाच्या काउंटरवर कधीही देऊ नका. बाकी सगळं तुमच्या सोयीने ठरवा.

एक आणखी. गटाने निघालात तर म्होरक्याचं एक कार्ड चार खोल्यांना लावू नका. होल्ड चौपट होतो, आणि कोणी काय घेतलं याचा वाद परतीच्या रेल्वेत वर्ध्यापर्यंत चालतो. ज्याची खोली त्याचा जामीन.

मग द्यायचं काय?

*क्रेडिट कार्ड.* असेल तर जामीन म्हणून हेच. पण तीन गोष्टी पाहा. मर्यादा होल्डपेक्षा बरीच मोठी हवी. ५० हजारांच्या कार्डावर ५४ हजारांचा होल्ड बसणारच नाही. दुसरं म्हणजे फॉरेक्स मार्कअप. परकीय चलनातल्या खर्चावर बऱ्याच बँका २ ते ३.५ टक्के लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ होतात. आपल्या ४५ हजारांवर सुमारे १,८५८ रुपये. २ टक्क्यांचं कार्ड असेल तर १,०६२. मार्कअप न लावणारी कार्डंही आता मिळतात, पण एका सहलीसाठी वार्षिक फीचं कार्ड घेऊ नका. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बिल पूर्ण भरायचं. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ४२ टक्के होतात. बिलाची तारीख कापूस विकण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे खर्चाच्या अंदाजाएवढे पैसे निघण्याआधीच बाजूला काढून ठेवा.

शेतकऱ्याला क्रेडिट कार्ड मिळत नाही असं पुष्कळ जण म्हणतात, कारण पगाराची चिठ्ठी नसते. मुदत ठेवीवर मिळतं. ठेव बँकेत राहते, तिच्यावर व्याज चालू राहतं आणि तिच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादेचं कार्ड बँक देते. लाखाची ठेव ठेवली तर दोघांच्या सहलीला पुरेल एवढी मर्यादा मिळते. आमच्या गटातल्या दोघींनी असंच केलं.

किसान क्रेडिट कार्डाचं नाव सारखं असलं तरी ते पीककर्ज आहे. वेळेत फेडलं तर ते ४ टक्क्यांनी पडतं, आणि ते पेरणीसाठीच आहे. ते घरी कपाटात राहू द्या.

*रोख जामीन.* क्रेडिट कार्ड नसेल तर माझी दुसरी पसंती ही. चढल्यावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर डॉलर भरायचे आणि पावती घ्यायची. तेवढे संपले की जहाजाचं कार्ड आपोआप बंद पडतं, आणखी भरले की पुन्हा सुरू होतं. उरलेले शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी परत मिळतात. होल्ड नाही, मार्कअप नाही, नंतर उगवणारं बिल नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी तर हेच सगळ्यात सोपं, कारण हातातल्या नोटेवरून खर्च कळतो. किमान किती भरावे लागतात आणि किती मूल्याच्या नोटा घेतात, हे आधी विचारा.

डॉलर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. तालुक्याच्या शाखेत ते सहसा मिळत नाहीत, नागपूर-अमरावतीला जावं लागतं. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागेल. ५० हजारांवरची खरेदी असेल तर पैसे चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात, रोख चालत नाही. लाखापर्यंतच्या चलनखरेदीवर जीएसटी एक टक्क्याच्या १८ टक्के असतो, म्हणजे ४५ हजारांवर ८१ रुपये, आणि कमीत कमी ४५ रुपये. विक्रेत्याचा दर मात्र दोन-तीन ठिकाणी विचारा, खरा फरक तिथेच पडतो. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. आपले रुपये २५ हजारांपर्यंत सोबत ठेवता येतात, पण परदेशी जहाजावर ते भरता येणार नाहीत. ते परतीच्या वाटेसाठी.

*फॉरेक्स कार्ड.* बंदरावर उतरून खरेदी करायला हे चांगलं. दर भरतानाच ठरून जातो. काउंटरवर जामीन म्हणून मात्र देऊ नका, भरलेले सगळे डॉलर होल्डमध्ये जातील आणि बंदरावर हात रिकामे राहतील. जामीन रोखीचा ठेवून शेवटचं बिल फॉरेक्स कार्डाने भरू देतात का, ते विचारा. बरीच जहाजं देतात. ज्या चलनात जहाजाचा हिशोब तेच चलन कार्डात भरा. सिंगापूर डॉलर भरून अमेरिकन डॉलरचं बिल दिलं तर अदलाबदलीचा वेगळा आकार लागतो.

*डेबिट कार्ड.* दुसरा मार्गच नसेल तर. आणि तेही नव्या, वेगळ्या बचत खात्याचं, ज्यात फक्त सहलीचे पैसे आहेत. जनधन खात्याचं रुपे कार्ड घेऊन परदेशी जहाजाच्या भरवशावर निघू नका.

*यूपीआय.* सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस अशा काही देशांत निवडक दुकानांत चालतं. परदेशी जहाजावर त्याचा विचार करू नका. भर समुद्रात फोनला आपलं नेटवर्क नसतं.

कराचं थोडक्यात सांगते. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा, तसंच घेतलेल्या चलनाचा खर्च रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याच्या वार्षिक हिशोबात, मोजला जातो. परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड त्यात आणायचं २०२३च्या मेमध्ये ठरलं होतं, पण जूनअखेरीस ते थांबवलं. टीसीएस म्हणजे अशा खर्चावर आधीच घेतला जाणारा कर. १ एप्रिल २०२५पासून त्याची मर्यादा वर्षाला १० लाख झाली आहे. जहाजावरच्या हातखर्चाने कोणी तिथवर पोचत नाही.

निघण्याआधी तीन आठवडे: बँकेची वारी

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२०पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशातला वापर आपल्याला सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये हे बटण असतं, जमलं नाही तर शाखेत जा. परदेशातल्या दुकानांच्या मशीनवरचा वापर सुरू करा, एटीएमचा बंद ठेवा, मर्यादा अंदाजाच्या दीडपट लावा. पिन आठवत नसेल तर आत्ताच नवा घ्या. चिप लावून पिन दाबला की ओटीपी लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण समुद्रात ओटीपी पोचतच नाही. बँकेत तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, तेही पाहा. आमच्या गावात निम्म्या खात्यांना जुनेच नंबर लागलेले आहेत. घरी राहणाऱ्याला मजुरीचे पैसे वेगळ्या खात्यात किंवा हातात देऊन निघा.

चढण्याच्या दिवशी आणि जहाजावर

काउंटरवर तीन प्रश्न विचारा, इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून चिठ्ठीवर लिहून न्या. किती रकमेचा होल्ड लागणार? तो किती दिवसांत सुटतो? माझ्या खात्यावर आणि मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा लावता येते का? नातवंडं सोबत असतील तर त्यांच्या कार्डाची खरेदी बंदच करून घ्या, व्हिडिओ गेमच्या खोलीत पैसा पाण्यासारखा जातो.

मशीनवर किंवा फॉर्मवर "भारतीय रुपयांत भरायचं का?" असं आलं तर नाही म्हणा. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि बरेचदा काही टक्क्यांनी महाग पडतो. शिवाय काही बँका अशा व्यवहारावरही वेगळा आकार लावतात. जहाजाच्या चलनातच भरा.

बारच्या आणि रेस्टॉरंटच्या पावतीवर १८ ते २० टक्के सेवा आकार बहुधा आधीच लागलेला असतो. त्याखाली आणखी टिपेसाठी रिकामी ओळ असते. तिथे आडवी रेघ मारा, खाली एकूण आकडा स्वतःच्या हाताने लिहा, मग सही करा. पावत्या एका पाकिटात ठेवा. कॅसिनोत क्रेडिट कार्डावर पैसे उचलू नका, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

फोन समुद्रात फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं आणि आपला फोन नकळत त्याला जुळला तर रोमिंगचं बिल खर्चापेक्षा मोठं होऊ शकतं. खातं रोज खोलीतल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या ॲपवर पाहा. आम्ही जेवून आल्यावर पावत्या काढून पडताळायचो. तिसऱ्या दिवशी आम्ही न घेतलेल्या दोन फोटोंचे पैसे दिसले, ते काउंटरवर पाच मिनिटांत निघाले. हेच शेवटच्या रात्रीवर टाकलं असतं तर तासभर रांगेत गेला असता.

शेवटची रात्र आणि घरी आल्यावर

अंतिम बिल दाराखालून येतं किंवा ॲपवर दिसतं. चूक असेल तर उतरण्याआधीच सांगा, जमिनीवर पाय लागल्यावर ईमेलचा खेळ सुरू होतो. रोख जामीन असेल तर उरलेले पैसे घेतल्याशिवाय सामान बाहेर काढू नका. उरलेल्या नोटा २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत विकाव्या लागतात. फॉरेक्स कार्डातले उरलेले डॉलरही परत विकून रुपयांत घेता येतात.

घरी आल्यावर महिनाभर बँकेचे मेसेज पाहत राहा. अंतिम बिलाची प्रत जपून ठेवा, कारण होल्ड सुटायला उशीर झाला तर बँक पहिल्यांदा तीच मागते. तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. कार्डावर कोणी भलताच व्यवहार केला असेल तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवा. चूक तुमची नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाप्रमाणे भुर्दंड तुमच्यावर येत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक १४४४८. आणि परदेशातल्या वापराचं ते बटण ॲपमध्ये पुन्हा बंद करा.

यंदा भासरे पुन्हा निघाले आहेत, लेक-जावयासोबत. ठेवीवरचं कार्ड त्यांनी ऑगस्टातच, पोळ्याच्या आधी काढून घेतलं, आणि वेचाईचे पैसे या वेळी पुतण्याच्या खात्यात आहेत.